प्रायमरीतला वर्तमानपत्राचा पाठिंबा: नाव शेवटी वाचा

अमेरिकेत नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी मत देणं त्या मानाने सोपं. उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला असतो आणि बहुतेकांचं मन उन्हाळ्यातच ठरलेलं असतं. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, तो आधार नाही. सगळे एकाच पक्षाचे, बोलणं बरंचसं एकसारखं, आणि मतपत्रिकेवर नावांची ही रांग. आमच्या न्यू हॅम्पशरमध्ये अटी पुऱ्या करून हजार डॉलर भरले की अध्यक्षपदासाठी नाव छापून येतं. २०२४ च्या जानेवारीत रिपब्लिकन मतपत्रिकेवर २४ नावं होती आणि डेमोक्रॅटिक मतपत्रिकेवर २१. त्यात ख्रिस क्रिस्टी आणि रॉन डिसँटिस हेही होते, आणि मतदानाच्या दिवशी दोघंही शर्यतीतून बाहेर पडलेले होते. अशा वेळी एखाद्या वर्तमानपत्राने अग्रलेख लिहून ‘आमचा पाठिंबा अमक्यांना’ असं जाहीर केलं, की माणसाला हायसं वाटतं.

मी न्यू हॅम्पशरच्या दक्षिण भागात एका सार्वजनिक ग्रंथालयात संदर्भ विभागात काम करते. ‘कुणाला मत देऊ?’ या प्रश्नाचं उत्तर मला तिथे बसून देता येत नाही, आणि देता येऊही नये. पण पाठिंब्याचा अग्रलेख कसा वाचायचा, हे सांगणं माझ्या कामातच येतं. नुकतंच नागरिकत्व घेतलेली आपली मराठी मंडळी पहिल्या प्रायमरीच्या आधी हमखास येतात, तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

माझं मुख्य म्हणणं असं, की या अग्रलेखात सगळ्यांत कमी कामाचं काही असेल तर ते शेवटचं नाव. त्या नावापर्यंत पोचताना संपादकीय मंडळाने उमेदवाराला समोर बसवून काय विचारलं, त्याने काय उत्तर दिलं, आणि मंडळाने कोणत्या गोष्टीला किती वजन दिलं, हे तुमच्या कामाचं. नाव त्यांचं त्यांना लखलाभ. प्रश्न मात्र आपण उचलावेत.

आधी पाहा, लिहिलंय कुणी

वर्तमानपत्रात तीन वेगळे लोक मत मांडू शकतात आणि नवीन वाचक ते एकच धरतो. बातमीदार बातम्या देतो, पाठिंबा देत नाही. स्तंभलेखक स्वतःच्या नावाने लिहितो. त्याने एखाद्याचं कौतुक केलं तर ते त्याचं एकट्याचं. पाठिंबा देतं ते संपादकीय मंडळ, आणि तो अग्रलेख बहुधा नावाशिवाय, ‘आम्ही’ म्हणत येतो. मोठ्या वर्तमानपत्रांत मंडळ आणि बातमी विभाग यांच्यात भिंत असते. म्हणून ‘न्यू यॉर्क टाइम्सने एलिझाबेथ वॉरनना पाठिंबा दिला, आता त्यांच्या बातम्या काय वाचायच्या’ असं कुणी म्हणालं, की मी त्यांना दोन वेगळी पानं उघडून दाखवते.

मंडळात कोण आहे हे वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्या. २०२० मध्ये न्यू यॉर्क टाइम्सच्या मतपानांचे प्रमुख जेम्स बेनेट या सगळ्या प्रक्रियेतून बाजूला झाले होते, कारण त्यांचे भाऊ सिनेटर मायकेल बेनेट स्वतःच डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत होते. असं बाजूला होणं, आणि ते वाचकांना सांगणं, हे चांगल्या घराचं लक्षण.

मग मालक कोण ते पाहा. २०१५ च्या डिसेंबरात लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नल कॅसिनो-उद्योजक शेल्डन एडेलसन यांच्या कुटुंबाने विकत घेतल्याचं उघड झालं. रिपब्लिकन उमेदवारांना देणग्या देणाऱ्यांत एडेलसन यांचं नाव फार वरचं. दोनच महिन्यांनी वर्तमानपत्राने मार्को रुबिओंना पाठिंबा दिला, आणि सोबत खुलासा छापला की रुबिओंशी मंडळाची भेट विक्री जाहीर होण्याआधीच झाली होती आणि मालक कुटुंबाचा या निर्णयात हात नाही. तो खुलासा पटवून घ्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा, पण तो होता म्हणून निदान विचार करायला जागा मिळाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यू यॉर्क ऑब्झर्व्हरने डोनल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला. प्रकाशक जॅरेड कुशनर, म्हणजे उमेदवाराचे जावई. हे नातं त्यांनी अग्रलेखात सांगितलं होतं, तरी तो अग्रलेख सासऱ्यांसाठीचा म्हणूनच वाचायला हवा.

काही वर्तमानपत्रं पाठिंबा देतच नाहीत. वॉल स्ट्रीट जर्नलने १९२८ मध्ये हर्बर्ट हूवर यांच्यानंतर अध्यक्षपदाच्या कुठल्याच उमेदवाराला पाठिंबा दिलेला नाही. सॉल्ट लेक ट्रिब्यून २०१९ मध्ये ना-नफा संस्था झालं. करमाफी असलेल्या अशा संस्थेला कायद्यानेच उमेदवाराची बाजू घेता येत नाही. शिकागो ट्रिब्यून, डेन्व्हर पोस्ट यांसारखी पत्रं ज्यांच्या मालकीची, त्या ऑल्डन ग्लोबल कॅपिटलच्या पत्रांनी २०२२ मध्ये जाहीर केलं की राष्ट्राध्यक्ष, राज्यपाल आणि सिनेट यांसाठी यापुढे पाठिंबा नाही. म्हणजे तुमच्या पत्रात असा अग्रलेख दिसला नाही, तर त्यावरून ‘यांना कुणीच पसंत नाही’ असा अर्थ काढू नका.

पाठिंबा म्हणजे भाकीत नव्हे

युनियन लीडर आमच्या राज्याचं मोठं वर्तमानपत्र, मँचेस्टरहून निघणारं, कट्टर परंपरावादी म्हणून देशभर ओळखलं गेलेलं. अध्यक्ष होऊ पाहणारे लोक त्याच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढत आले. राज्यातल्या रिपब्लिकन प्रायमरीत त्याने कुणाला निवडलं त्याची यादी पाहा. १९८० मध्ये रेगन, जिंकले. १९८८ मध्ये पीट ड्यूपॉन्ट, हरले. १९९२ मध्ये पॅट ब्युकॅनन, हरले. १९९६ मध्ये पुन्हा तेच, आणि या वेळी जिंकले. २००० मध्ये स्टीव्ह फोर्ब्स, हरले. २००८ मध्ये मकेन, जिंकले. २०१२ मध्ये न्यूट गिंग्रिच, आणि राज्य गेलं मिट रॉम्नींकडे. २०१६ मध्ये ख्रिस क्रिस्टी, सहावे. २०२४ मध्ये निकी हेली, आणि जिंकले ट्रम्प.

आयोवात प्रायमरी नसते, कॉकस असतो, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या सभा, पण तिथल्या डी मॉइन रजिस्टरचं वजन तसंच. २००४ मध्ये त्यांनी जॉन एडवर्ड्सना पाठिंबा दिला तेव्हा ते मागे होते. आठवड्याभराने ३२ टक्के घेऊन दुसरे आले. २००८ मध्ये त्याच पत्राने दोन्ही पक्षांतून एकेक नाव निवडलं: डेमोक्रॅटिक हिलरी क्लिंटन तिसऱ्या आल्या आणि रिपब्लिकन मकेन चौथे. २०२० मध्ये एलिझाबेथ वॉरन तिसऱ्या.

तेव्हा ‘यांनी म्हटलंय म्हणजे हे जिंकणार’ असा अर्थ घेऊन अग्रलेख वाचायला बसू नका. आणि ‘काहीच उपयोग नाही’ हेही खरं नाही. ब्राउन विद्यापीठातल्या चुन-फांग चियांग आणि ब्रायन नाइट या अर्थशास्त्रज्ञांनी २००० आणि २००४ च्या निवडणुकांवरून असं दाखवलं, की पाठिंब्याचा मतदारांवर परिणाम होतो, पण तो पत्र किती विश्वासार्ह वाटतं यावर ठरतो. डावीकडे झुकलेल्या पत्राने डेमोक्रॅट निवडला तर वाचक फारसे हलत नाहीत, अनपेक्षित पाठिंब्याने जास्त हलतात. वाचक मूर्ख नसतात, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

हाच नियम तुम्ही घरी वापरू शकता. पत्राचा नेहमीचा कल एका बाजूला लिहा, आणि ते कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत बोलतंय ते दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळत असतील, तर ते आपल्या घरातल्यांबद्दल बोलतायत. माहिती खोल असेल, मायाही असेल. जुळत नसतील, तर ते शेजारच्या घरातला सून-जावई निवडतायत. न्यू यॉर्क टाइम्सने २००८ च्या जानेवारीत रिपब्लिकनांमधून मकेन निवडले आणि २०१६ च्या जानेवारीत जॉन केसिक. नोव्हेंबर आल्यावर पाठिंबा गेला ओबामांना आणि क्लिंटनना. मकेन, केसिक यांच्याबद्दलचे ते अग्रलेख खोटे नव्हते, पण त्यांचा खरा प्रश्न ‘या पक्षातला आम्हाला सोसवेल असा कोण?’ हा होता. तुम्ही मनाने रिपब्लिकन असाल, तर तुमचा प्रश्न तो नाही. २०२० मध्ये युनियन लीडरने डेमोक्रॅटिक प्रायमरीत एमी क्लोबुशार यांना पाठिंबा दिला, तिथेही हेच, फक्त उलट दिशेने.

मुलाखत: इथे वेळ घाला

पाठिंबा देण्याआधी मंडळ उमेदवाराला बोलावतं. टेबलाभोवती पाच-दहा लोक, वेळ तासाभराचा किंवा जास्त, बोललेलं सगळं छापण्यासाठी. जाहीर सभेत टाळ्या असतात, वादविवादात घड्याळ असतं. इथे दोन्ही नसतं. इथे प्रश्नाचं उत्तर टाळलं तर समोरचा माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि त्याला घाई नसते. प्रायमरीत उमेदवाराला जवळून पाहायची याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. बरीच पत्रं संपूर्ण शब्दांकन किंवा चित्रफीत प्रसिद्ध करतात. अग्रलेखाच्या खाली दुवा असतो, आणि बहुतेक वाचक त्यावर जातच नाहीत.

उदाहरणं द्यायची तर २०११ च्या नोव्हेंबरात हर्मन केन मिलवॉकी जर्नल सेंटिनेलच्या मंडळासमोर बसले होते. तेव्हा रिपब्लिकन शर्यतीत ते आघाडीवरच्या नावांत होते. प्रश्न साधा होता: लीबियाबाबत ओबामांनी जे केलं ते तुम्हाला पटतं का? केन थांबले, वर पाहिलं, ‘ओके, लीबिया’ म्हणाले, ओबामांनी उठावाला पाठिंबा दिला होता ना याची समोरच्यांकडून खात्री करून घेतली, ‘मला पटत नाही, कारण…’ अशी सुरुवात केली आणि ‘नाही, ते दुसरं’ म्हणत मध्येच सोडून दिली. खुर्चीत हालचाल, पुन्हा शांतता. हे सगळं चित्रफितीवर आहे. त्यांची धोरणपत्रिका वाचून जे कळलं नसतं ते त्या एका मिनिटात कळतं.

दुसरं उदाहरण जास्त गुंतागुंतीचं आहे आणि शिकण्यासारखं जास्त. २०१६ च्या एप्रिलमध्ये, न्यू यॉर्कच्या प्रायमरीआधी, डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध लढणारे बर्नी सँडर्स डेली न्यूजच्या मंडळाला भेटले. अवाढव्य बँका मोडून लहान करायच्या, हा त्यांच्या प्रचाराचा कणा. मंडळाने विचारलं, कसं? अधिकार कुणाचा? फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे मध्यवर्ती बँकेचा, की अर्थखात्याचा? मोडल्यावर त्या बँकेत काम करणाऱ्यांचं, पैसे गुंतवणाऱ्यांचं काय? सँडर्स कधी नवीन कायद्याचं बोलले, कधी बँकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या डॉड-फ्रँक कायद्याखाली अर्थमंत्र्यांना असलेल्या अधिकाराचं, आणि काही ठिकाणी अडखळले. क्लिंटन यांच्या प्रचाराने ते शब्दांकन उचलून धरलं, आणि डेली न्यूजने पाठिंबाही क्लिंटनना दिला. पण आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्या काहींनी तेव्हाच दाखवून दिलं, की फेडचा अधिकार कुठे आणि अर्थखात्याचा कुठे, यात प्रश्न विचारणाऱ्यांचाही गोंधळ झाला होता. अग्रलेख वाचणाऱ्याला यातलं अर्धंच कळलं असतं. शब्दांकन वाचणाऱ्याला दोन्ही बाजूंची तयारी तपासता आली.

कधी पाठिंबा बाजूला राहतो आणि मुलाखतीतलं एक वाक्यच बातमी होतं. २००८ च्या जानेवारीत रेनो गॅझेट-जर्नलच्या मंडळाशी बोलताना ओबामा म्हणाले की रिपब्लिकन रेगन यांनी देशाची दिशा जशी बदलली तशी निक्सन किंवा बिल क्लिंटन यांनी बदलली नाही. त्यावर प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटन यांच्या गोटाने पुढे कितीतरी दिवस रान उठवलं. त्याच वर्षी मे महिन्यात, साउथ डकोटातल्या आर्गस लीडरच्या मंडळासमोर, शर्यतीत का टिकून आहात हे सांगताना हिलरी क्लिंटन यांनी, उमेदवारीच्या शर्यतीत असतानाच झालेल्या रॉबर्ट केनेडींच्या जून १९६८ मधल्या हत्येचा उल्लेख केला आणि त्यांना खेद व्यक्त करावा लागला. अशी वाक्यं बातमीत एकटी येतात. आधीचा प्रश्न आणि पुढचं उत्तर पाहायचं असेल, तर मूळ मुलाखतीशिवाय इलाज नाही.

आता वाचायचं कसं. पूर्ण शब्दांकन पन्नास पानांचं असू शकतं आणि ते सगळं वाचून होणार नाही. तुमच्या आयुष्याला भिडणारा एक विषय निवडा. ग्रीन कार्डची रांग, आई-वडिलांच्या औषधांचा खर्च, मुलाचं विद्यार्थी कर्ज, काहीही. तो शब्द शोधा आणि प्रत्येक उमेदवाराचं तेवढंच उत्तर काढा. पहिल्या उत्तरावर थांबू नका. ते पाठ केलेलं असतं. खरी पारख त्यानंतरच्या प्रश्नाला होते, जेव्हा मंडळ विचारतं ‘पण काँग्रेसने मंजुरी दिली नाही तर?’ त्या उत्तरात कायद्याचं, खात्याचं, रकमेचं नाव येतं की पुन्हा पहिलंच वाक्य येतं, ते कागदावर लिहून ठेवा. हे माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी फार नेटकं केलं होतं: आडव्या कागदावर वर उमेदवार, डावीकडे आपले चार प्रश्न, आणि चौकटीत फक्त ‘आकडा दिला’, ‘कायदा सांगितला’ किंवा ‘टाळलं’. पाठिंबा कुणाला मिळाला हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

प्रश्न जागेप्रमाणे बदलतात हेही ध्यानात ठेवा. आयोवात इथेनॉल, नेवाडात युक्का पर्वतातल्या अणुकचऱ्याचा प्रस्ताव, आमच्याकडे २०१६ मध्ये ओपिऑइड या अफूसारख्या वेदनाशामकांच्या व्यसनाने जाणारे बळी. तुमच्या राज्याचा प्रश्न दुसऱ्या राज्याच्या पत्राने विचारला नसेल, तर त्या पत्राचा कौल तुमच्यासाठी अपुरा.

टाइम्सने २०२० मध्ये उमेदवारांच्या मुलाखती संपूर्ण छापल्या आणि दूरचित्रवाणीवरही दाखवल्या. मग १९ जानेवारीला एकाऐवजी दोन नावं जाहीर केली, वॉरन आणि क्लोबुशार. मला तो निर्णय आजही पटत नाही. मतपत्रिकेवर खूण एकाच नावापुढे करता येते; ज्या कामात वाचकाला मदत हवी होती नेमकं तेच वाचकावर सोडलं. पण त्या मुलाखती मी अजूनही लोकांना उघडून देते. जो बायडन यांना मंडळाचा पाठिंबा मिळाला नाही; त्या इमारतीतल्या उद्वाहनात सुरक्षारक्षक महिलेने मात्र त्यांना थेट सांगितलं की तुम्ही मला फार आवडता. ऑगस्टमध्ये पक्षाच्या अधिवेशनात बायडन यांचं नाव उमेदवारीसाठी मांडण्याचा मान तिला मिळाला.

अग्रलेख हातात घेतल्यावर

छापून घ्या आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक परिच्छेदासमोर एक शब्द लिहा: ‘काम’, म्हणजे उमेदवाराने आजवर केलेलं, ‘वचन’, ‘स्वभाव’, किंवा ‘जिंकेल’. शेवटचा शब्द किती वेळा येतो ते मोजा. ‘नोव्हेंबरात हेच जिंकू शकतील’ यावर अग्रलेख उभा असेल, तर तो अंदाज आहे, आणि अंदाज करण्यात संपादक तुमच्यापेक्षा हुशार असतात असं वरच्या यादीवरून तरी दिसत नाही. ‘काम’ जास्त असेल तर तो जपून ठेवा. सिनेटमध्ये कोणतं विधेयक नेलं, राज्यपाल असताना कोणता अर्थसंकल्प मांडला, हे तपासता येतं.

मग टीकेचा परिच्छेद शोधा. प्रामाणिक अग्रलेखात आपल्याच उमेदवाराचा एखादा दोष सांगितलेला असतो, आणि तो बहुधा ‘तरीही’ या शब्दाच्या आधी असतो. तो नसेल तर जरा सावध. इतर उमेदवारांना किती जागा दिली तेही पाहा. एकाचीच आरती असेल तर तुलना झालेलीच नाही.

त्याच पत्राने आधी काय म्हटलं होतं ते शोधायला विसरू नका. बोस्टन ग्लोबने २०१८ च्या डिसेंबरात वॉरन यांना सुचवलं होतं की अध्यक्षपदासाठी उभं राहण्याची वेळ २०१६ मध्येच निघून गेली. २०२० च्या फेब्रुवारीत त्याच ग्लोबने त्यांना पाठिंबा दिला. मत बदलणं वाईट नाही, पण बदलण्याचं कारण अग्रलेखात दिलंय का, ते पाहावं.

उलट पाठिंबा हा प्रकार विरळा, पण दिसला तर नीट वाचा. २००७ च्या डिसेंबरात काँकर्ड मॉनिटरने रॉम्नी अध्यक्ष होऊ नयेत, एवढंच सांगणारा अग्रलेख लिहिला होता. गर्भपात, बंदुका यांवरची बदललेली मतं त्यात मांडली होती. असा अग्रलेख कुणाला निवडायचं ते सांगत नाही, पण एक नाव खोडायचं कारण देतो, आणि वीस-बावीस नावांच्या मतपत्रिकेवर तेवढंही पुष्कळ असतं.

टपालाने येणाऱ्या चकचकीत पत्रकांवर आणि जाहिरातींवर मात्र भरवसा नको. वर्तमानपत्राचं नाव मोठ्या अक्षरात, खाली अवतरणातली चार शब्दांची स्तुती, आणि तारीख दिसेल न दिसेल अशी. २०१६ मध्ये सँडर्स यांच्या इथे दाखवलेल्या एका जाहिरातीत व्हॅली न्यूज आणि नॅशुआ टेलिग्राफ यांची वाक्यं अशी गुंफली होती, की दोघांनी पाठिंबा दिलाय असं वाटावं. दोघांनीही दिला नव्हता. अवतरणातले चार शब्द जसेच्या तसे पत्राच्या संकेतस्थळावर शोधा; मूळ वाक्य पुरं वाचलं की कळतं. पैसे भरल्याशिवाय पान उघडत नसेल तर ग्रंथालयात या. बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांत वर्तमानपत्रांचे संग्रह असतात, बरेचसे घरबसल्या ग्रंथालयाच्या कार्डावर उघडतात, आणि कार्ड रहिवाशांना फुकट असतं.

तारखा

इथे नवीन मतदार फसतात. पाठिंबा एका दिवसाचा असतो आणि शर्यत रोज बदलते. २०२० मध्ये ह्यूस्टन क्रॉनिकल आणि सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल यांनी क्लोबुशार यांना पाठिंबा दिला. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात मुदतपूर्व मतदान फेब्रुवारीतच सुरू झालेलं होतं. १ मार्चला पीट बुटिजेज बाहेर पडले, २ मार्चला क्लोबुशार, आणि ३ मार्चला सुपर ट्यूसडे, म्हणजे या दोन्हींसह बऱ्याच राज्यांत एकाच दिवशी मतदान. ज्यांनी आधीच मतपत्रिका टाकली होती त्यांना ती बदलता आली नाही. तुमचा उमेदवार पहिल्या दोघा-तिघांत नसेल आणि मुदतपूर्व मतदान करण्याची गरजही नसेल, तर शेवटच्या दिवसांपर्यंत थांबलेलं बरं.

डेमोक्रॅटिक पक्षात आणखी एक हिशेब असतो. राज्यात किंवा मतदारसंघात १५ टक्क्यांखाली राहिलेल्या उमेदवाराला, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींपैकी, तिथून एकही प्रतिनिधी मिळत नाही. अग्रलेख हे क्वचितच सांगतात. आवडत्या उमेदवाराला मत देऊ नका असं मी म्हणत नाही. जाणून द्या, एवढंच.

आणि पाठिंबा मागेही घेतला जातो. युनियन लीडरने २०१५ च्या नोव्हेंबरात क्रिस्टींना निवडलं. ते फेब्रुवारीत हरून बाहेर पडले आणि त्याच महिन्यात ट्रम्प यांच्या बाजूने उभे राहिले. त्यावर प्रकाशक जोसेफ मॅक्वेड यांनी आमचं चुकलं असं छापून सांगितलं. तेव्हा अग्रलेख सापडला की त्याच पत्रात त्याच नावाने त्यानंतरचं काही आहे का, ते पाहून घ्या.

तुमच्या पत्राने सोडून दिलं असेल तर

२०२४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन पोस्टने, मालक जेफ बेझोस यांच्या निर्णयाने, अध्यक्षपदासाठी पाठिंबा देणं बंद केलं आणि अडीच लाखांच्या आसपास वाचकांनी वर्गणी रद्द केल्याची बातमी आली. तो नोव्हेंबरच्या निवडणुकीचा विषय होता. पण मला काळजी वाटते ती प्रायमरीची. पाठिंबा नाही म्हणजे मंडळासमोरची मुलाखत नाही. मुलाखत नाही म्हणजे ‘कसं?’ हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारणारं कुणी नाही. लहान गावांतल्या पत्रांत तर मंडळच उरलेलं नाही. नाव छापू नका हवं तर, पण उमेदवाराला टेबलाशी बसवणं सोडू नका, असं मी आमच्या भागातल्या पत्राला लिहून कळवलं आहे. तुम्हीही तुमच्या पत्राला लिहा. वाचकांची अशी पत्रं मोजली जातात.

तोवर शेजारच्या राज्यातल्या, आधी मतदान झालेल्या ठिकाणच्या पत्रांच्या मुलाखती वाचा. एकाच उमेदवाराने आयोवात आणि नेवाडात एकाच प्रश्नाला काय उत्तर दिलं ते शेजारी ठेवलं तरी खूप कळतं.

शेवटी मतदानाचं. कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत तुम्हाला मत देता येतं हे राज्याप्रमाणे ठरतं, आणि पाठिंब्याचे अग्रलेख वाचायच्या आधीच ते तपासा, नाहीतर भलत्याच पक्षाची तयारी व्हायची. आमच्याकडे ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे कुठल्याच पक्षात नाही, अशी नोंद असेल तर मतदान केंद्रावर कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते; पक्षात नोंद असेल तर फक्त त्याच पक्षाची, आणि ती नोंद बदलायची मुदत कित्येक महिने आधी संपते. अनडिक्लेअर्ड मतदाराने मतपत्रिका घेतली की त्याची नोंद त्या पक्षात होते. मत टाकून बाहेर पडताना तिथेच एक अर्ज भरून पुन्हा अनडिक्लेअर्ड होता येतं. घाईत बरेच जण तो न भरताच निघून जातात, आणि चार वर्षांनी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं मनात आलं की अडकतात. तो अर्ज भरूनच निघा.